ऑटिस्टिक आहात, मोठे आहात आणि एकटं वाटतंय? कोल्हापुरात राहून काय काय करता येतं

मला तेहतिसाव्या वर्षी कळलं की मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझा मेंदू जन्मापासूनच माणसं, आवाज, बोलणं जरा वेगळ्या पद्धतीनं घेतो. त्याआधी घरात माझ्यासाठी तीन शब्द होते, घुमी, शिष्ट आणि माणूसघाणी, आणि त्यातला माणूसघाणी सगळ्यात जास्त लागायचा कारण मला माणसं हवी होती, फार हवी होती, फक्त ती मिळवायची कशी ते कळत नव्हतं. पेठेत वाढले, घराला घर लागून, सकाळपासून कुणी ना कुणी दारात असायचंच, तरी मी एकटी. हे ज्यांना आतनं माहितीय त्यांच्यासाठी लिहितेय. पंचवीस, पस्तीस, पन्नास वर्षांची माणसं, निदान झालेली, किंवा कागद हातात नाही पण स्वतःला खात्री आहे अशीसुद्धा. ऑटिझमवर मराठीत जे मिळतं ते बहुतेक लहान मुलांच्या आईवडिलांसाठी असतं, ती मुलं मोठी झाल्यावर कुठं जातात, कुणाबरोबर चहा पितात, हे फारसं कुणी विचारत नाही.

सरकारी कागदात आणि पुस्तकात स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण त्यातच गृहीत धरलंय की ही माणसं स्वतःत बुडालेली, ह्यांना कुणी नको असतं. म्हणून इथं ऑटिझमच म्हणतेय.

माझं म्हणणं एकच आहे. "जरा चार लोकांत मिसळत जा" असं आपल्याला आयुष्यभर सांगतात, आपण मिसळायला जातो, आणि परत येताना आणखी एकटे होऊन येतो. मला जे उपयोगी पडलं ते वेगळं होतं: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, हातात काहीतरी काम, आणि शेजारी एक माणूस. एकच. बाकी सगळा लेख ते कसं जमवायचं त्याबद्दल आहे.

सुरुवातीला डोक्यातनं एक गोष्ट काढा

ती म्हणजे "माझ्यातच खोट आहे." २०१२ साली डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटनमधल्या संशोधकानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक साधी गोष्ट मांडली की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे जितकं खरं तितकंच इतरांना ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही हेही खरं, अडचण दोघांच्या मध्ये आहे, एकाच्या डोक्यात नाही. मग २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्पटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, तो तर आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखाच. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, पहिल्याला एक गोष्ट सांगितली, त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. घसरली ती मिसळलेल्या साखळीत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एमआयडीसीतनं घरी येताना बसमध्ये होते आणि उतरायचा स्टॉप गेला. इतकी वर्षं मी एकाच प्रकारच्या साखळीत उभी होते आणि गोष्ट बिघडली की दोष माझा, असं धरून चालले होते.

आणि एकटेपणा फक्त आपल्याच वाट्याला आलाय असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२५ च्या अहवालात म्हटलंय की जगात दर सहा माणसांमागं एक जण एकाकी आहे. आपली कारणं थोडी वेगळी आहेत, म्हणून उपायही थोडे वेगळे लागतात, इतकंच.

पायरी १: दोन आठवडे वही

साधी शंभर पानी वही घ्या, फोनमध्ये लिहिलं तरी चालतं पण वही बरी. दोन आठवडे रोज रात्री चार गोष्टी लिहायच्या: आज कुणाशी भेट झाली, किती वेळ, तेव्हा हातात काय होतं, आणि नंतर शरीराला काय झालं. "मनाला काय वाटलं" असं मुद्दामच म्हणत नाहीये. आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःची भावना ओळखताच येत नाही, त्याला अलेक्सिथायमिया म्हणतात, आणि ऑटिस्टिक माणसांत ते बरंच आढळतं. मला दर रविवारी संध्याकाळी छातीत जडपणा यायचा, मी तीन वर्षं त्याला ॲसिडिटी समजून गोळ्या खाल्ल्या. वही लिहायला लागल्यावर कळलं की हा जडपणा ज्या रविवारी कुणीच बोललेलं नसतं त्याच रविवारी येतोय. म्हणजे ते एकटं वाटणं होतं. माझ्या शरीरात ते छातीत असतं, तुमच्यात दुसरीकडं असेल, खांद्यात, पोटात, कदाचित उगाच सारखं खात सुटणं.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी सांगते. एक, संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, वहिनीच्या माहेरी, चाळीस मिनिटं, वीसेक बायका, मिक्सर चालू, टीव्ही चालू, अत्तराचा वास, हातात वाणाचं ताट आणि चेहऱ्यावर हसू. नंतर: दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोकं दुखलं, कुणाचा आवाज नको झाला. दुसरी नोंद, आमच्या फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधले मिस्त्री मामा, दोन तास. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलीमीटर आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं साचा करतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी मिस्त्रींकडं वेगळी पट्टी असते जिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. ती पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली, मी माझ्या ड्रॉइंगवर लावून बघितली, ते रंधा मारत होते, मी मापं तपासत होते, दोन तासांत वीसेक वाक्यं झाली असतील. नंतर: काही नाही. घरी जाऊन नीट जेवले, झोप लागली.

चाळीस मिनिटांनी जवळजवळ एक दिवस खाल्ला आणि दोन तासांनी काहीच खाल्लं नाही. वही नसती तर मी ह्या दोन्हीला "लोकांत गेले" असंच म्हटलं असतं.

दोन आठवड्यांनी वही उघडा आणि बघा तुमचा एकटेपणा कुठल्या जातीचा आहे. माणसंच नाहीत असं आहे का, की माणसं भरपूर आहेत पण प्रत्येकासमोर मुखवटा आहे, म्हणजे डोळ्यात बघायचं, हसायचं, मध्येमध्ये "हो ना" म्हणायचं हे सगळं अभिनय करून, आणि त्यामुळं खऱ्या आपल्याला कुणी भेटलेलंच नाही. माझं दुसरं होतं. बायकांचं बरेचदा दुसरंच असतं, लहानपणापासून नीट बस, नीट बोल करून मुखवटा इतका पक्का होतो की डॉक्टरलाही दिसत नाही. मी पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथं मला सांगितलं की तुम्ही नोकरी करता, डोळ्यात बघून बोलता, तुम्हाला कसला ऑटिझम. त्या एका वाक्यानं माझी दोन वर्षं गेली. तुमच्याबरोबर असं झालं तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं जा, जाताना लहानपणाचं लिहून न्या, शाळेतले प्रगतिपुस्तकावरचे शेरे, आईला आठवतंय ते सगळं. ह्याला रक्ततपासणी नसते, निदान ह्याच माहितीवर होतं.

पायरी २: आवाज, उजेड, गर्दी आधी, माणूस नंतर

ही पायरी छोटी आहे पण चुकली की पुढचं सगळं चुकतं. जिथं कान फाटतायत तिथं मैत्री होत नाही. रंकाळा रविवारी संध्याकाळी म्हणजे भेळेच्या गाड्या, हॉर्न, पोरं, फुगे, आणि तोच रंकाळा मंगळवारी सकाळी साडेसहाला म्हणजे चालणारी मोजकी माणसं आणि पाणी. नवरात्रात महाद्वार रोडला कुणाला भेटायचं ठरवू नका. मिसळ खायचीच असेल तर कामाच्या दिवशी हॉटेल उघडल्या उघडल्या, भिंतीकडची जागा, पाठ भिंतीला. फोमचे कानातले बोळे मेडिकलमध्ये मिळतात, स्वस्त असतात, खिशात कायम ठेवा, मी गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी घरातही घालते. आणि निघायचा रस्ता ठरलेला असू दे. स्वतःची गाडी किंवा बसची वेळ. दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून गेलं की तो निघेपर्यंत आपण अडकतो.

पायरी ३: जागा शोधा, माणूस शोधू नका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

आपलं लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत खोल जातं, डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ह्याला मोनोट्रोपिझम म्हटलंय. नुसत्या गप्पांत विषय दर मिनिटाला बदलतो, चेहरा बघायचा, आवाज बघायचा, आपली पाळी कधी ते बघायचं, त्यात दमछाक होते. पण दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असलं, पक्ष्यावर, लाकडावर, पटावर, तर बोलणं त्या गोष्टीतनंच येतं, शोधावं लागत नाही, आणि गप्प बसलं तर कुणी "काय झालं?" विचारत नाही.

म्हणून आधी लिहा की तुम्ही कशाबद्दल न थकता तासभर बोलू शकता. लाजू नका. रेल्वेची टाइमटेबलं असतील, जुनी नाणी असतील, केएमटी बसचे रूट असतील, किल्ल्यांचे नकाशे असतील, पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल टीमचे जुने निकाल असतील. मग त्याची कोल्हापुरातली जागा शोधा. जागेला चार अटी लावा: दिवस ठरलेला असावा, हातात काम असावं, माणसं थोडी असावीत, आणि न बोलता बसलं तर चालावं.

मला सुचतात त्या जागा सांगते. करवीर नगर वाचन मंदिर, १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तिथं गप्प बसणं हाच नियम, रोज एकाच वेळी गेलात तर महिनाभरात तीच तीच माणसं ओळखीची होतात आणि मान हलवून ओळख देतात, ती मान हलवणंसुद्धा मी वहीत लिहायचे. शाहू स्मारक भवनात चित्रांची, फोटोंची प्रदर्शनं लागतात, उद्घाटनाला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी जा, चित्रकार मोकळा बसलेला असतो आणि त्याला त्याच्या चित्राबद्दल नेमका प्रश्न विचारणारा माणूस हवाच असतो. टाऊन हॉलचं म्युझियम, तिथली बाग. मोडी लिपीचे वर्ग कुठं निघतात का बघा, मोडी आपल्यासारख्यांना फार जमते, नियम आहेत, अपवाद आहेत, कोडं आहे, आणि शेजारी बसलेला माणूसही त्याच अक्षरावर अडलेला असतो. हिवाळ्यात रंकाळ्यावर, कळंबा तलावावर पक्षी. घर सोडवतच नसेल तर मराठी विकिपीडिया किंवा ओपनस्ट्रीटमॅप, तिथं तुमच्या गल्लीचा नकाशा भरणं हे खरं काम आहे आणि बाकीची माणसं लिहून बोलतात, चेहरा लागत नाही.

शाहू स्टेडियमवर फुटबॉल मॅचला जायचा सल्ला मी सरसकट देणार नाही, आवाज प्रचंड असतो. पण माझ्या ओळखीतला एक जण आहे, प्रत्येक सीझनचे गोल वहीत लिहितो, तो कडेला उन्हात एकटा बसतो आणि आता आजूबाजूचे लोक त्यालाच विचारायला येतात की हा मागच्या वर्षी कुणाकडनं खेळत होता. त्याला मित्र मिळाले ते त्या वहीमुळं.

एकदा जागा ठरली की तीन महिने सोडू नका. पहिल्या तीन-चार वेळा काहीच घडणार नाही, कुणी बोलणार नाही, तरी जायचं. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला होता, साधी ओळख साध्या मैत्रीत बदलायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, नीट मित्र म्हणण्याइतपत ९० च्या आसपास, आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आता आठवड्याला दोन तास धरले तर ५० तास म्हणजे पंचवीस आठवडे, सहा महिने. २०० तास म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. हा आकडा कळल्यावर मला फार बरं वाटलं, कारण मी तिसऱ्या भेटीतच धरून बसायचे की हिला मी आवडले नाही. तीन भेटी म्हणजे सहा तास झाले होते फक्त.

पायरी ४: पहिला मेसेज

एखाद्या माणसाबरोबर दहाएक तास झाले, तो स्वतःहून दोन वेळा तुमच्याशी बोलला, की मग ठरलेल्या जागेबाहेर एकदा बोलवून बघा. फोन नको, मेसेज. मी पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना येतो-जातो असंच म्हणतो, मेसेजपण तसाच):

"रविवारी सकाळी ७ ला मी रंकाळ्यावर पक्षी बघायला जातो, संध्यामठाच्या बाजूला. ८ ला परत. दुर्बीण माझ्याकडं आहे. येणार असशील तर ये, नाही जमलं तरी चालतंय, मी असणारच आहे."

ह्यात जागा आहे, सुरुवात आहे, शेवट आहे, काय करायचं ते आहे, आणि नाही म्हणायची सोय आहे. "मी असणारच आहे" हे महत्त्वाचं, त्यामुळं समोरच्यावर ओझं येत नाही आणि ती आली नाही तरी तुमचा रविवार वाया जात नाही, कारण पक्षी तर असतातच.

मग उत्तर येतं आणि आपण तिथं अडकतो, कारण आपण शब्द जसेच्या तसे घेतो आणि आपल्याकडं लोक शब्दांत नाही म्हणत नाहीत. मी कित्येक वर्षांत जी यादी केलीय ती अशी. "बघू की" म्हणजे बहुतेक नाही. "जमवू की एकदा" म्हणजे आत्ता नाही, मनात राग नाही. "या की घरी कधीतरी" हे आमंत्रण नसतं, दिवस आणि वेळ सांगितली तरच आमंत्रण. "जेवल्याशिवाय सोडणार नाही" हे मात्र खरंच असतं, तिथं खरंच सोडत नाहीत. "कुठं निघालीस?" ह्याला खरं उत्तर द्यावं लागत नाही, "हितंच जरा" म्हटलं की पुरतं, मी पंधरा वर्षं थांबून सगळा पत्ता सांगायचे. आणि दोन वेळा "बघू" आलं की महिनाभर विचारू नका, महिन्याने एकदाच पुन्हा विचारा, तिसऱ्यांदाही "बघू" आलं तर त्या माणसाबरोबरची मैत्री त्या जागेपुरतीच ठेवा. जागेपुरती मैत्रीपण मैत्रीच आहे, ती कमी समजू नका.

जेवणाचं वेगळं सांगते कारण कोल्हापुरात कुणाच्या घरी गेलं की ताटावरच सगळं येऊन ठेपतं. मला पांढऱ्या रश्श्याचा वास चालतो पण वर आलेला तवंग तोंडात चालत नाही, आणि कुणी मागनं येऊन ताटात न विचारता वाढलं की माझं जेवणच संपतं. आधी मी घरीच जायची नाही कुणाच्या. आता जायच्या आधीच मेसेज करते: "मामी, मी येतो, पण मला माझ्या हातानं वाढून घेऊ दे, लहानपणापासनं सवय आहे." मामीला कारण पुरतं. नंतर ती स्वतःच बाकीच्यांना सांगते, तिला वाढू नका गं, ती घेती तिच्या हातानं.

पायरी ५: कुणाला सांगायचं, कुणाला नाही

सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. माझा क्रम असा आहे, आधी गरज सांगायची, नाव नंतर. "मला फोनवर नीट ऐकू येत नाही, मेसेज कर." "मध्येच गप्प झाले तर रागावले असं समजू नकोस, डोकं भरलंय एवढंच." ह्या दोन वाक्यांवर समोरचा कसा वागतो ते दोन-तीन महिने बघा. नीट वागला तर मग ऑटिझम हा शब्द सांगा. शब्द सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया बहुतेक "छे, तू तसली वाटत नाहीस" अशीच येते, ती त्यांच्या मनानं कौतुक असतं, त्यावर मैत्री तोडू नका, आठवडाभर थांबा. कामाच्या ठिकाणी मी खूप जपून सांगेन, लेखी काही हवं असेल तरच. पॅटर्न शॉपच्या मामांना मी कधीच सांगितलं नाही. त्यांना गरजच पडली नाही.

घरच्यांसाठी चार ओळी, तुम्ही हे वाचत असाल तर. लग्न लावून दिलं की एकटेपणा जातो हे काढून टाका, लग्न ज्याला हवं त्यानं करावं, पण औषध म्हणून नको, त्यात दुसऱ्या घरातला एक माणूसही भरडला जातो. पाहुणे आले की आतल्या खोलीतनं ओढून बाहेर आणू नका, त्याऐवजी काम द्या, चहा नेऊन दे, चपला लावून ठेव, पाच मिनिटं हातात काहीतरी घेऊन सगळ्यांत येणं आम्हाला जमतं. माझ्या आईनं एक गोष्ट केली जी मी विसरणार नाही. ती रोज रात्री माझ्याबरोबर भाजी निवडायला बसायला लागली. काही विचारत नाही. मेथी असली की अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात मी तिला जे सांगितलं ते आधीच्या तीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

पायरी ६: आपल्यासारखे दुसरे

कोल्हापुरात उघडपणे ऑटिस्टिक म्हणणारी मोठी माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटलीत. असतील पुष्कळ, पण बहुतेकांना माहितीच नाही किंवा घरात बोलायची चोरी आहे. मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये आईवडिलांचे ग्रुप असतात, तिथं एखाद्या आईला विचारून बघा, कारण पुष्कळदा मुलाचं निदान झाल्यावर बापाला कळतं की अरे, हे तर माझंच वर्णन आहे. ऑनलाइन ग्रुप आहेत, इंग्रजीत जास्त, मराठीत कमी. ग्रुप काढायचा असेल तर दोन माणसं पुरतात. खरंच. आम्ही दोघींनी सुरू केलं, महिन्यातला दुसरा शनिवार, दीड तास, प्रत्येकीनं आपापलं काम आणायचं, विणकाम, ड्रॉइंग, पुस्तक काहीही, पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही. नाव सांगायची सक्ती नाही, फोटो काढायचा नाही, कॅमेरा नाही. आता पाच जण आहेत, सहावा आला तर दुसरा ग्रुप करायचा असं ठरलंय.

एक कळकळीनं सांगते. एकटं माणूस लवकर विश्वास ठेवतं, आणि आपण तर शब्दांवर शब्दशः विश्वास ठेवतो. ऑनलाइन ओळखीतला कुणी पैसे मागतोय, फोटो मागतोय, "हे कुणाला सांगू नकोस" म्हणतोय, लोनसाठी तुमचं आधार कार्ड मागतोय, तर थांबा. नियम करून ठेवा: पैशाचं कुठलंही उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही, आणि उत्तर द्यायच्या आधी एका ठरलेल्या माणसाला दाखवायचं. माझ्यासाठी तो माणूस माझा भाऊ आहे. फसवणूक झालीच तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, लाज वाटून दोन दिवस घालवू नका. पहिली भेट नेहमी दिवसा आणि चार माणसांच्या जागी.

जेव्हा हे सगळं जमत नाही

काही महिने असे येतात की मेसेज बघायचीही ताकद नसते, अंघोळ जड जाते, जे बोलता यायचं तेही बोलता येत नाही. ह्याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात, खूप दिवस मुखवटा घालून राहिलं की येतो. तेव्हा पायऱ्या करू नका. माणसं कमी करा, उजेड कमी करा, आवडीच्या एका गोष्टीत दिवस घालवा, आणि एका माणसाला रोज फक्त एक मेसेज, "आहे" एवढाच. आमच्या ग्रुपात हा शब्द ठरलेला आहे, "आहे" आलं की कुणी पुढं काही विचारत नाही.

पण झोप गेली, खाणं सुटलं, जगावंसं वाटत नाही असे विचार यायला लागले तर वाट बघू नका. ऑटिस्टिक मोठ्या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय, म्हणून हे स्पष्ट लिहितेय. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. फोनवर शब्द सुटत असतील तर आधी कागदावर लिहून घ्या आणि वाचून दाखवा: "मी ऑटिस्टिक आहे, मला बोलायला वेळ लागतो, कृपया थांबा." जीव धोक्यात आहे असं वाटलं तर ११२ किंवा सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातला मोठा सरकारी दवाखाना, आणि जाताना एकटं जाऊ नका, शेजारच्याला उठवा.

सीपीआरचं निघालंच आहे तर दिव्यांग प्रमाणपत्राचंही सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, वेबसाइटवर अर्ज भरायचा आणि मग जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा वर दिव्यांगत्व लागलं तर नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलती लागू होतात. एकटेपणावर कागद काही करत नाही हे खरं, पण माझ्या ओळखीतल्या एकाला तो कागद हातात आल्यावर त्याचे वडील पहिल्यांदा म्हणाले की बरं, म्हणजे तू आळशी नाहीस. त्यानं लॅमिनेशन करून भिंतीला लावलाय.

मैत्री टिकवायला

आपण माणूस विसरत नाही, पण मेसेज करायचं विसरतो, आणि समोरच्याला वाटतं संपलं. मी फोनमध्ये गजर लावते, दर तीन आठवड्यांनी, नावासकट. त्यात खोटेपणा काही नाही, लोक देवाच्या वाराचा उपास लक्षात ठेवतात तसंच. काय लिहायचं सुचत नसेल तर फोटो पाठवा, मी पक्ष्याचा पाठवते. उत्तर उशिरा आलं तर त्याचा अर्थ काढत बसायचा नाही, सात दिवसांनी अर्थ काढायला परवानगी, त्याआधी नाही. भांडण झालं आणि का झालं ते कळलंच नाही तर सरळ विचारा: "मला समजलं नाही काय चुकलं, लिहून सांगशील का?" दहातले चार जण सांगतात. सहा सांगत नाहीत. जे सांगतात ते ठेवायचे.

वही मी अजून लिहिते. गेल्या रविवारची नोंद अशी आहे: रंकाळा, ६.५० ते ८.१०. वारकरी पक्षी ३४, टिबुकली ६, पाणकावळे ११. ती आली होती, येताना तिची स्वतःची दुर्बीण घेऊन. टिबुकली बुडी मारून किती वेळानं वर येते ते दोघींनी घड्याळ लावून मोजलं, ती आकडे सांगत होती, मी लिहीत होते. बोलणं कमी झालं. नंतर: काही नाही, भूक लागली.